सुनेला जामीन राहताना

३ फेब्रुवारी, सोमवार

परभणीस जाऊन आलो. वकिलांनी दुपारपर्यंत बाकावर बसविले आणि मग उभ्याउभ्याच सांगितले, "आप्पा, घोर लावून घेऊ नका. बाई आहे. बाईला कायद्यात सवलत असते." मागील खेपेसही हेच वाक्य. त्याआधीच्या खेपेसही.

सूनबाईस अटक होऊन महिना होत आला. पतसंस्था महिलांची. अध्यक्षा आमची सून, संचालिका म्हणून तिच्या नवऱ्याच्या दोन भागीदारांच्या बायका. पाटीवर नाव बायकांचे, गल्ल्यावर हात नवऱ्यांचे. संस्था बुडाली तेव्हा तिघी आत गेल्या आणि तिघे नवरे परागंदा झाले. त्यांतील एक माझे चिरंजीव. यापुढे त्यांचे नाव लिहिणार नाही. चि. एवढे पुष्कळ झाले.

परतीच्या एस.टी.त गावचे दोघे होते. जागा असूनही शेजारी बसले नाहीत.

५ फेब्रुवारी, बुधवार

जिंतूरहून सूनबाईचे दोघे बंधू आले. थोरल्याने बैठकीवर बसताक्षणीच सुरुवात केली.

"आप्पा, आमी लेक दिली तुमच्या घरात. जमानतीला सातबारा तुमचाच लावा. आमच्या रानावर बोजा चढवायचा न्हाई."

मी विचारले, "बहिणीस भेटून आलात काय?"

"बायकांच्या तुरुंगात कसं जावं वो? लाज वाटती."

चहा मात्र घेतला. बशीत ओतून, फुंकर घालून, शेवटच्या थेंबापर्यंत. लाज कोठे वाटावी व कोठे वाटली! नात गौरी दाराआड उभी होती. ती मामांच्या पाया पडली नाही. मी तिला पडावयास सांगितले नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

वकिलांचा दूरध्वनी. सूनबाईकरिता साधे सुती लुगडे पोहोचते करावे. काठ नको, रंग फिका हवा. न्यायालयात आणतील तेव्हा हातात काचेच्या दोनच बांगड्या, पदर डोईवर. "डोळ्यात पाणी आलं तर दुधात साखर," असे म्हणून हसले.

सूनबाईच्या कपाटात तसले लुगडे नाही. संस्थेत जावयाची म्हणून सर्व इस्त्रीची, काठापदराची. मग वकील म्हणाले, "आप्पा, काकूंचं एखादं जुनं असेल की."

माझी पत्नी जाऊन दोन वर्षे झाली. तिची लुगडी मी नीट घडी घालून ठेवली आहेत. ती अंगभर कष्ट करून नेसलेली आहेत. सोंगाकरिता देणार नाही, असे स्पष्ट कळविले. बाजारातून नवे घेतले. नवे दिसू नये म्हणून दोनदा धुऊन द्या, असा निरोप आला. धुतले नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज खरा प्रकार उघडा पडला.

वकिलांनी माझ्या नावाचे प्रतिज्ञापत्र तयार करून ठेविले होते. वाचून दाखवितो म्हणाले. मी म्हणालो, मी चौथी उत्तीर्ण आहे, मला वाचता येते. वाचले. आमच्या घरात स्त्रियांना व्यवहार कळू दिला जात नाही. सून भोळी व व्यवहारशून्य आहे. पतीने बोट ठेवले तेथे तिने सही केली. मी सासरा या नात्याने हे सत्यावर सांगतो. इ.

सून बी.कॉम. आहे. माझ्या दुकानाचा विक्रीकराचा हिशेब, दुकान बंद करीपर्यंत, तीच लिहीत असे.

"हे असत्य आहे," मी म्हणालो.

वकील खुर्चीत मागे रेलले. "आप्पा, सरकारी पक्ष काय म्हणणार माहीत आहे का? ही शिकलेली बाई आहे, अबला नाही, सवलत हिच्यासाठी नाही. त्याला तोड हीच. आणि तुमच्या चिरंजीवांनी तरी संस्था बायकांच्या नावानं का काढली? मला विचारूनच काढली. म्हणाले, पुढं काही झालंच तर बाईला जामीन लवकर होतो ना? मी म्हटलं, होतो."

हे त्यांनी अभिमानाने सांगितले. गिऱ्हाइकाला योग्य माल दिल्यासारखे.

मी कागद तसाच ठेवून बाहेर आलो. रसवंतीजवळ उभा राहिलो. माणूस पावसात छत्री घेतो तशी याने बायको घेतली. आणि तीही पाऊस यावयाच्या आधी, आभाळ पाहून.

११ फेब्रुवारी, मंगळवार

काही लिहिण्याजोगे नाही. हरभऱ्यास पाणी दिले. सही करावी की न करावी. न केल्यास ती आत राहणार आणि गौरी

१३ फेब्रुवारी, गुरुवार

कारागृहात जाऊन सूनबाईची भेट घेतली. हे मी पूर्वीच करावयास हवे होते, पण अडचण होती, ती येथे लिहितो.

आमच्या घरी सासरा व सून समोरासमोर बोलत नाहीत. मी बैठकीत असलो की ती माजघराच्या चौकटीआड. निरोप माझ्या पत्नीमार्फत, तिच्यामागे गौरीमार्फत. "गौरे, आईला सांग, पाहुणे जेवायला आहेत." आईने ते ऐकलेले असे, तरी गौरीने सांगितल्यावरच हालचाल. याला आम्ही मर्यादा म्हणतो. लग्न होऊन आल्यापासून तिच्याशी एक वाक्य मी थेट बोललो नव्हतो. आणि गौरीला तेथे न्यावयाचे नाही, हे मी ठरविलेले.

जाळीच्या अलीकडे मी, पलीकडे ती. पदर ओढून, मान वळवून उभी. दोन्ही बाजूंनी लोक ओरडून बोलत होते. आमचे दोघांचे तोंड बंद. शेवटी मी तेथील महिला शिपायास म्हणालो, "हिला विचारा, प्रकृती कशी आहे."

ती बाई म्हणाली, "आजोबा, तुमीच इचारा की. ती काय भैरी हाय का? अन् मी काय पोस्टातली हाय का?"

सूनबाई हसली. पदराआड, पण हसली. मग स्वतःच म्हणाली, "मामा, बरी हाय मी. गौरी शाळेत जायलीय का?"

जाते म्हणालो. आवाज चौकटीआडून वाटे त्यापेक्षा भारी आहे.

प्रतिज्ञापत्रातील मजकूर सांगितला. ती जाळीजवळ आली.

"सही करू नका. मला अडाणी म्हणून सोडवू नका, मामा. मला सगळं माहीत होतं. परवाच्या दिवाळीत कळलं, नव्या लोकांच्या ठेवीतून जुन्यांचं व्याज द्यायलेत म्हणून. मी त्यांना म्हणाले, बंद करा. तर म्हणाले, तू कावून भ्यायलीस? तुझं नाव कशाला टाकलंय मग? बाईला जमानत होती."

"मग तू सोडले का नाहीस?"

तिने जाळीत बोटे अडकविली.

"त्यानंतर ठेवी घेतल्यास?"

"घेतल्या."

"चंद्रकलाबाईची?"

"हो. तिची त्यानंतरचीच."

शिपाईबाईने वेळ संपल्याचे सांगितले.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

पूजेस बसलो. इष्टलिंग तळहातावर घेतले, भस्म लाविले, चित्त ठरले नाही.

चंद्रकलाबाई आमच्या शेजारची. विधवा. पापड-कुरडया करून विकते. तिची ठेव घेतली तेव्हा सूनबाई आमच्याच ओट्यावर तिला म्हणाली होती, "काकू, मी हाय ना." मी बैठकीत होतो. ऐकले होते. मला वाटले, केवढी अब्रू आहे माझ्या सुनेच्या शब्दाला.

मुलाची किळस येते, ती सरळ येते. हिची येते व मध्येच अडते. तिने मला खरे सांगितले म्हणून. पण खरे सांगितल्याने घेतलेल्या ठेवी परत

१७ फेब्रुवारी, सोमवार

वकिलांना नकार दिला. ते संतापले. "तुमच्या खरेपणापायी ती आत सडेल. उद्या पोरगी विचारील तेव्हा तिला हा खरेपणा खाऊ घाला."

मी म्हणालो, "खोटे न लिहिता जेवढे भांडता येईल तेवढे भांडा. शुल्क पूर्ण घ्या."

शुल्काचे ऐकून शांत झाले.

२० फेब्रुवारी, गुरुवार

जामीन अर्जाची सुनावणी. तिघी आरोपींना आणले होते. काय ते दर्शन! एक चाकांच्या खुर्चीत. हीच बाई अटकेच्या आठवडाभर आधी गंगाखेडला लग्नात वरातीपुढे नाचत होती, मी स्वतः पाहिले आहे. दुसरी सतत रुमाल डोळ्यांस लावी आणि रुमालावरून कोण पाहते आहे ते पाही. तिघींचे एकाच थानातून काढल्यासारखे फिके लुगडे. आमची सून मात्र पदर खांद्यावर घेऊन ताठ उभी. वकील खुणा करीत होते, डोक्यावर घ्या. तिने घेतला नाही. त्या क्षणी मला तिचा राग आला व बरेही वाटले.

सरकारी वकील म्हणाले, ही सवलत असहाय स्त्रीकरिता आहे. ही पदवीधर, संस्थेची अध्यक्षा, लोकांना भाषणे देणारी. हिला असहाय म्हणणे म्हणजे बुडालेल्या बायकांची थट्टा. शिवाय पती फरार, ही बाहेर आली की त्याला सामील होईल.

आमचे वकील म्हणाले, कायद्यात 'स्त्री' एवढाच शब्द आहे. अशिक्षित स्त्री, गरीब स्त्री असा नाही. तपास पूर्ण झाला, कागद सर्व जप्त आहेत, घरी लहान मुलगी आहे.

दोघांचेही म्हणणे मला पटले. निकाल राखून ठेविला.

बाहेर व्हरांड्यात ठेवीदार होते. चाकांच्या खुर्चीतल्या बाईकडे पाहून एक म्हातारा ओरडला, "अगं, उठ की! बँडवाला आलाय!" लोक हसले. मीही हसलो असतो.

२६ फेब्रुवारी, बुधवार. महाशिवरात्र

उपवास. देवळात गेलो. दरवर्षी अभिषेकास पहिला मान आमचा. यंदा गुरवाने माझ्याकडे न पाहता दुसऱ्यास बोलाविले. बरोबर केले.

पायरीवर चंद्रकलाबाई. तिने वाट अडविली नाही, बाजूस सरकून उभी राहिली व म्हणाली, "आप्पा, ऐकलं, सुटंल म्हनं ती. बाईमाणसाला सोडतेत म्हनं."

"अद्याप निकाल नाही."

"सुटंल. सुटू द्या, लेकरू हाय तिला. पर मी बी बाईच हाय नव्हं? माझा पैका बी बाईचाच. त्याला कोन जमानत राहतंय, सांगा की."

मी तसाच परतलो. बेलाचे पान हातातच राहिले, घरी येऊन पाहिले तेव्हा चुरगळलेले.

४ मार्च, मंगळवार

जामीन मंजूर.

वकिलांनी अर्थ सांगितला तो असा. न्यायाधीश म्हणाले, स्त्री शिकलेली आहे म्हणून ती स्त्री नाही असे होत नाही. गुन्हा गंभीर आहे, पण त्याचा न्याय खटल्यात होईल. अटी: जातमुचलका व एक लायक जामीनदार. दर सोमवारी पोलीस ठाण्यात हजेरी. ठेवीदारांवर दबाव नाही. पतीशी संपर्क नाही, आणि त्याचा ठावठिकाणा कळल्यास तपास अधिकाऱ्यास तत्काळ कळवावा. न कळविल्यास जामीन रद्द.

चाकांच्या खुर्चीवालीचाही झाला. ती चालत गाडीपर्यंत गेली म्हणे. नवल नाही.

७ मार्च, शुक्रवार

सातबारा, ऐपतीचा दाखला. चार एकर माझ्या नावे आहे, बाकीचे चि.च्या नावे केलेले जप्तीत. तलाठी म्हणाला, "आप्पा, लेकासाठी जमानत राहणारे लय बघितले. सुनेसाठी तुमीच पहिले." म्हणालो, लेकासाठी राहिलो नसतो.

ती दोषी आहे, हे मला ठाऊक आहे. तरीही राहतो आहे. कोणी कारण विचारल्यास देता येणार नाही. चि.ने तिला छत्री केले, तिच्या भावांनी तिला दिल्या मालाची पावती केले, वकिलांनी तिचे सोंग करावयास पाहिले. कोणी तरी तिला माणूस म्हणून

पुरे. फार लिहिले की खोटे होते.

१२ मार्च, बुधवार

न्यायालयात उभे केले. विचारले, आरोपी कोण लागते? सून. एकत्र राहता? होय. तिला प्रत्येक तारखेस हजर ठेवाल? ठेवीन. न ठेवल्यास रक्कम भरावी लागेल, समजते का? समजते, मी चौथी उत्तीर्ण आहे. कारकून हसला. न्यायाधीश हसले नाहीत.

सही केली. पूर्ण नाव, वळणदार, शिरोरेघेसह.

संध्याकाळी सुटका. हातात एक पिशवी. पाया पडली. रिक्षात मी पुढे, ती मागे. एस.टी.त एकाच बाकावर बसलो, दुसरी जागाच नव्हती. गंगाखेड आले. मग ती म्हणाली, "मामा, तुमचं रान गेलं तर?"

"तू पळणार आहेस काय?"

"न्हाई."

"मग कशाला जाईल."

१५ मार्च, शनिवार

चंद्रकलाबाई सकाळी अंगणात येऊन बसली. शिव्या नाहीत, रडणे नाही. नुसती बसली. सूनबाईने चहा नेऊन ठेविला. तिने घेतला नाही. सूनबाई समोर मातीत बसली. चहावर साय धरली. ऊन आले तेव्हा चंद्रकलाबाई म्हणाली, "तू म्हनली व्हतीस, मी हाय ना. बघाया आले, हायस का." आणि गेली.

सूनबाई स्वयंपाकघरात गेली व फार वेळ भांडी घासत राहिली. भांडी स्वच्छच होती.

१७ मार्च, सोमवार

पहिली हजेरी. मी ठाण्याबाहेर चिंचेखाली थांबलो. आत तिला बराच वेळ बसविले. नवरा कोठे आहे, पुन्हा पुन्हा तेच विचारले. ठाऊक नाही म्हणाली. ते खरे आहे.

२१ मार्च, शुक्रवार

चि.चा दूरध्वनी. अनोळखी क्रमांक.

"आप्पा, मी बोलायलोय."

इतक्या दिवसांनी बापाची प्रकृती नाही, मुलीचे नाव नाही. म्हणाला, "झाली ना जमानत? म्हणलं व्हतं ना मी! आता एक काम करा. तिला म्हनावं, सगळं मीच केलं, ह्यांना काई माहीत नव्हतं, असं कोर्टात सांग. बाई हाय, तिला लय काई होत न्हाई. माणसाला सोडत न्हाईत वो. मी एकदा मोकळा झालो की सगळ्यांचे पैसे फिरवून देतो."

मी विचारले, "कोठे आहेस?"

बिदरकडे एका मठात आहे. मठाचे नाव सांगितले, गाव सांगितले. रक्तदाबाच्या गोळ्या व दोन सदरे पाठवून द्या म्हणाला. दुसरे नाव लावून राहतो. दोन्ही वेळ पंगतीत बसून प्रसाद घेतो. स्वामींच्या पायाशी बसतो.

माझ्या घराण्यात कोणी फुकट प्रसाद खाल्ला नाही. खाल्ला तर पळी हातात घेऊन वाढला आणि मग खाल्ला.

दूरध्वनी बंद करून चूळ भरली. तोंडात काही नसता.

२२ मार्च, शनिवार

सूनबाईला सांगितले. लपविले असते तर मी तिचा जामीनदार कसला? चि. बोलला ते सर्व, शब्दाला शब्द. मठाचे नाव मात्र सांगितले नाही. ते तिला कळले की कळविणे तिच्यावर आले.

वाटले होते, चिडेल. तिने विचारले, "जेवायलेत का नीट?"

मी उठून बाहेर आलो. किळस आली. तिची आली, त्याची आली, की मी बापाच्या काळजीने त्याच्या गोळ्यांचे नाव कागदावर उतरवून घेतले होते त्याची आली, हे मला

२३ मार्च, रविवार

दुपारी ज्वारीची रास भरताना सूनबाई पोती धरीत होती. गौरी शेजारी अभ्यास करीत होती. तिला ऐकू जाऊ नये म्हणून सूनबाई हळू बोलली.

"मामा, उद्या हजेरी हाय. ते विचारतील, नवरा कुठंय. मी सांगणार, मला माहीत न्हाई. तुमी सांगितलं न्हाई, म्हणून ते खरंच हाय."

"होय."

"पण तुमाला माहीत हाय."

मी पोत्याचे तोंड आवळीत राहिलो. सांगितले तर चि. आत जाईल, आणि त्याच्याकरिता कायद्यात सवलतीचा असा कोणताही शब्द नाही. न सांगितले आणि उघड झाले, तर ती पुन्हा जाळीपलीकडे, आणि गौरीला मी काय

सूनबाईने सुतळी माझ्या हातातून घेतली. गाठ मारली. मग विचारले, "उद्या भाईर थांबताल का आत येताल?"

मी पुढचे पोते ओढले. सकाळी पहिली एस.टी. आहे. दोघांनी जावयाचे आहे.